पुलावर थांबायला जागा

आमच्याकडच्या दोन्ही मोठ्या शहरांना नदी नाही. बिदर पठाराच्या कडेवर वसलेलं. मांजरा त्याच्यापासून काही कोस दूर, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जाते. कलबुर्गीहून भीमा गाठायची तर बस धरावी लागते. १३४७ मध्ये बहमनी गादी कलबुर्गीत, म्हणजे जुन्या गुलबर्ग्यात मांडली गेली, पुढच्या शतकात अहमदशहाने ती बिदरला हलवली. दोन्ही वेळा राजाने किल्ल्याला जागा बघितली, नदीला नाही. बिदरला पाणी आलं ते जमिनीखालून. शहराला लागून असलेल्या नौबादची कारेझ प्रसिद्ध आहे: खडकात खोदलेला लांबलचक बोगदा, वर अंतराअंतरावर उजेडाच्या विहिरी आणि तळाशी उताराने वाहणारं पाणी. खालून वाहणाऱ्या पाण्याला पूल लागत नाही. आज कलबुर्गी भीमेचं पाणी पितं, पण तेही सरडगीच्या बंधाऱ्यातून पाइपाने घरी आलेलं.

त्यामुळे गावाच्या मधोमध नदी, नदीवर पूल आणि संध्याकाळी त्या पुलावर हवा खायला निघालेली माणसं हे चित्र आमच्या पिढीने आधी सिनेमात पाहिलं, नंतर पुण्यात किंवा हैदराबादेत.

पूल म्हटलं की सीमाभागातल्या लिहिणाऱ्याकडून एक ठरलेली अपेक्षा असते. दोन भाषा, दोन राज्यं आणि त्यांना जोडणारा सेतू. व्यासपीठावर हे छान वाटतं, हारतुऱ्यांनंतर तर फारच. मला मात्र इथे खऱ्या पुलाबद्दल लिहायचं आहे, आणि तोही फक्त पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेल्या. लोखंड, सिमेंट, कठडा आणि त्यावरून जाणारी, मध्येच थांबणारी माणसं. या थांबण्याबद्दलच मुख्यतः.

शहरांना नदी नाही म्हणून ती गावांच्या वाट्याला आली. माझं आजोळ मांजरेच्या पलीकडे, निलंगा तालुक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा फुटला तेव्हा निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आमची भालकी म्हैसूर राज्यात आली. माझ्या आजीला त्याचं फारसं काही वाटलं नसावं. तिच्या दृष्टीने माहेर आणि सासर यांच्यामध्ये राज्याची हद्द नव्हती, नदी होती. आणि नदीचे भाव दोनच, ‘उतार आहे’ किंवा ‘उतार नाही’. उन्हाळ्यात उतार असायचा. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, चपला हातात घेऊन वाळूतून पलीकडे. पावसाळ्यात होडी आणि होडीवाल्याची मर्जी. त्याच्याही आधी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून पुरुष माणसं पोहत पलीकडे जात, अशा गोष्टी घरात ऐकल्या आहेत. थांबणं मात्र कुठल्याच गोष्टीत नसे. पाण्यात उभं राहायचं नाही, पायाखालची वाळू सरकते. होडीत उभं राहायचं नाही, होडी कलते. नदी म्हणजे लवकर ओलांडून टाकायची जागा.

मग बंधारे आले. लहान नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे, पावसाळा सरला की खाचांत बरगे टाकायचे आणि पुढच्या पावसाआधी काढून घ्यायचे. मोठ्या नदीवर लोखंडी दारांचे. भीमेवर आमच्या बाजूला सोन्ना, घत्तरगी, गाणगापूर, सरडगी, सन्नती अशी ती रांगच आहे. बोलणारा कानडी असो की मराठी, यांतल्या बहुतेकांना सगळे ‘ब्रिज कम बॅरेज’च म्हणतात. खांब, खांबांच्या मध्ये दारं, वर दारं उचलायची यंत्रं आणि त्यांच्या कडेने एक रस्ता.

हा रस्ता मी पुष्कळ चाललो आहे आणि त्याच्याबद्दल माझं मन कृतज्ञ आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याने बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात पोहोचवल्या, पोरींची शाळा सातवीला सुटायची ती पुढे चालू ठेवली. पण हा रस्ता चालणाऱ्यासाठी कुणी आखलेला नाही. धरायचं होतं पाणी. पाणी धरायला खांब उभे केले. खांब उभे केलेच आहेत तर वरून गाडी जाऊ दे, असं ठरलं. आणि गाडी जाते तर माणूसही जाईल, हे कुणी ठरवलंसुद्धा नाही. ते आपोआप झालं. दुधाच्या कॅना, शाळेची दप्तरं, बाजाराच्या पाट्या, शेळ्या, सगळं त्याच पट्टीवरून. समोरून ट्रॅक्टर आला की कठड्याला पोट लावून उभं राहायचं. उसाचा हंगाम असेल आणि ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील, तर श्वास आत ओढून. दुसऱ्याच्या ओसरीवरून परवानगीने गेल्यासारखी चालणाऱ्याची ती चाल असते: पटपट, कडेकडेने, मागे बघत.

तरीही माणसं थांबतात. यातच मला मौज वाटते. भाद्रपदात पाणी वाढलं, दारं उचलली आणि खालून लाल पाणी फेसाळत सुटलं की आसपासच्या गावांतून माणसं ‘पाणी बघायला’ येतात. मोटारसायकली आडव्या लावतात. बाप लेकराला खांद्यावर घेतो. म्हातारे काठी कठड्याला टेकून उभे राहतात आणि जुन्या पुरांच्या खुणा एकमेकांना दाखवतात, इथपर्यंत आलं होतं, त्या बाभळीपर्यंत आलं होतं. कुणाचंच काही काम नसतं. एरवी आपल्या माणसाला कामाशिवाय कुठे उभं राहायची लाज वाटते. पारावर बसलेला माणूससुद्धा विचारलं तर काहीतरी निमित्त सांगतो. पुलावर उभ्या राहिलेल्याला निमित्त सांगावं लागत नाही. वाहतं पाणी वरून बघण्याची ही ओढ कुठल्याही शाळेत शिकवलेली नाही. नदीला उतार नव्हता तेव्हाही ती असणारच, तिला उभं राहायला जागा नव्हती एवढंच.

पाणी फारच वाढलं तर हे पूलच बुडतात. ऑक्टोबर २०२० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये भीमेने ते करून दाखवलं. उजनीतून सोडलेलं पाणी, त्यात सीनेची भर, आणि अफजलपूर तालुक्यातली गावं एकमेकांपासून तुटली. घत्तरगीच्या भाग्यवंतीच्या देवळापर्यंत पाणी येतं तेव्हा सोलापूरकडचे भक्त पलीकडेच हात जोडून परततात.

आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनीयर राहतात. इकडे त्या खात्याला सगळे ‘नीरावरी’ म्हणतात, तेही तसंच म्हणतात. एकदा संध्याकाळी मी त्यांच्याकडे हीच तक्रार मांडली, की तुम्ही लोकांनी चालणाऱ्याचा विचारच केला नाही. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अहो, गाडीचा विचार सोपा असतो. गाडीचं वजन कागदावर लिहिलेलं. ती एका बाजूने चढते, दुसऱ्या बाजूने उतरते. माणूस थांबतो. एक थांबला की दहा थांबतात, आणि दहाही एकाच कठड्याला, कारण पाणी त्याच बाजूने बघायचं असतं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. आपल्या देशात पुलावर किती भार धरायचा, याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिलेले आहेत. पायवाटेवर माणसांच्या गर्दीचा भार सर्वसाधारणपणे चौरस मीटरला ४०० किलो धरायचा. पण पूल गावाजवळ किंवा तीर्थक्षेत्राजवळ असेल, जिथे हंगामात मोठ्या जत्रा भरतात अशा ठिकाणी असेल, तर ५०० किलो. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये सात-आठ मोठी माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, असं धरून पूल बांधायचा. आकड्यांनी भरलेल्या त्या रुक्ष पुस्तकात कुणीतरी जत्रेची आठवण ठेवली आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं. ज्याने ते कलम लिहिलं, त्याने कधीतरी एखादी यात्रा आतून पाहिली असणार.

आमच्याकडे तशी जागा म्हणजे गाणगापूर. देवल गाणगापूरला निर्गुण मठ गावात आणि भीमा-अमरजेचा संगम गावाबाहेर. पौर्णिमेला, दत्तजयंतीला सोलापूर, अक्कलकोट, पुणे, कुठून कुठून माणसं येतात. संगमावर स्नान, औदुंबराखाली गुरुचरित्राचं पारायण, दुपारी गावात माधुकरी. या सगळ्या मधल्या वाटा पायी चालण्याच्या आहेत. कलबुर्गी जिल्ह्यात दर चौरस मीटरला ५०० किलोचा हिशेब कुठे लागू करायचा असेल, तर तो इथे. आणि या माणसांचा तर नेमच थांबण्याचा: पाणी दिसलं की हात जोडायचे, नाणं टाकायचं, आठवण झाली की डोळे मिटून उभं राहायचं. त्यांना ‘चला, पुढे चला’ म्हणणं म्हणजे ज्यासाठी ते आले, तेच करू नका म्हणणं.

शिकायला पुण्याला गेलो तेव्हा शहरातली नदी पहिल्यांदा रोजच्या वाटेत आली. लकडी पुलाबद्दल तिथे सांगतात की १७६१ मध्ये पानिपतावरून हरून परतलेल्या सैन्याला गावात शिरता यावं म्हणून पेशव्यांनी मुठेवर तो लाकडी पूल घाईने बांधवला. चालत आलेल्या, मान खाली घातलेल्या माणसांसाठी बांधलेला पूल. आज त्याच जागेवरच्या पुलावर माणसाला गाड्यांच्या फटीतून आपली मान वाचवत जावं लागतं. पाण्याच्या अगदी जवळचा भिडे पूल, खडकवासल्यातून पाणी सोडलं की बुडणारा. तो मला आमच्या बंधाऱ्यांचा शहरातला भाऊ वाटायचा. आणि झेड पूल. तो दुचाकी आणि पायी जाणाऱ्यांसाठी होता, पण पुण्याच्या तरुण पोरापोरींनी संध्याकाळी दुचाकी कठड्याला लावून, पाण्याकडे तोंड करून बसायची ती जागाच करून टाकली. शहाण्यासुरत्या लोकांनी त्यावर नाकं मुरडली, वर्तमानपत्रांतून पत्रंही आली. मला त्या वेळीही वाटायचं की त्या पोरांना पूल कळला आहे. घरात जागा नाही, बागेत शिट्ट्या वाजवणारा रखवालदार; गावाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि तरी कुणाच्या मालकीची नाही अशी एकच जागा उरते.

आता मेट्रोच्या निमित्ताने मुठेवर खास पायी चालणाऱ्यांसाठी पूल आले आहेत. छत्रपती संभाजी उद्यान स्थानकाकडून शनिवार पेठेकडे तारांनी तोललेला, आणि डेक्कनकडून नारायण पेठेकडे दुसरा. या दुसऱ्याच्या कामासाठी २०२५ मध्ये भिडे पूल कित्येक महिने वाहनांना बंद राहिला. पुण्यात पायी चालणाऱ्यांच्या पुलासाठी गाड्यांनी वळसा घालावा, ही घटना मी वर्तमानपत्रात दोनदा वाचली. स्थानकांची छपरं मावळी पगडीच्या आकाराची आहेत. ती कुणाला आवडतील, कुणाला नाही. पुलावरून जे दिसतं ते मात्र सगळ्यांना सारखंच दिसतं. खाली मुठा आहे, आणि मुठेची स्थिती काय वर्णावी. उन्हाळ्यात काळपट पाण्याची दोरी, जलपर्णी, काठाने राडारोडा. गाडीवरून जाणाऱ्याला ती फक्त वासाने कळते आणि वास मागे पडतो. चालणाऱ्याला ती डोळ्यांनी बघावी लागते, पूल संपेपर्यंत. नदी सुधारण्याच्या योजनांवर रोज त्या पुलावरून कामाला जाणारी माणसं जे बोलतील, ते मला अहवालांपेक्षा जास्त ऐकावंसं वाटेल.

पण थांबणाऱ्या माणसांचा पूल म्हणजे जोखीमही आहे, आणि ती टाळून हा विषय लिहिता येणार नाही. १५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी साकव पर्यटकांच्या भाराने कोसळला. चार माणसं गेली, पन्नासेक जखमी झाली. पावसाळ्याचे पहिले दिवस, नदीला नवं पाणी, आणि माणसं नेमकं तेच करत होती जे आमच्याकडे बंधाऱ्यावर करतात: उभं राहून पाणी बघत होती. पूल धोक्याचा असल्याची पाटी तिथे होती. त्याच्या अडीचेक वर्षं आधी, ३० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत मोरबीला मच्छू नदीवरचा झुलता पूल तुटला आणि १३५ माणसं मेली. एकोणिसाव्या शतकातला तो पूल दुरुस्तीनंतर उघडून आठवडासुद्धा झाला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी होती. त्यानंतर अहमदाबादच्या महापालिकेने साबरमतीवरच्या नव्या अटल पुलावर तासाला ३,००० माणसांपेक्षा जास्त सोडायची नाहीत असं ठरवलं. तो पूल त्याच वर्षी २७ ऑगस्टला खुला झाला होता, फक्त चालणाऱ्यांसाठी, तिकीट लावून.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक वाक्य हमखास छापून येतं: लोकांनी उगाच गर्दी केली. हे वाक्य मला मान्य नाही. माणसं पुलावर गर्दी करणार, मध्येच थांबणार, एका बाजूला झुकणार, मुलं उड्या मारणार. हा माणसाचा अपराध नाही, स्वभाव आहे. पाण्याचा स्वभाव उताराकडे जाण्याचा असतो; त्याबद्दल पाण्यावर ठपका ठेवून कुणी बंधारा बांधत नाही.

हे मला नीट समजलं ते लंडनला. भाचा तिथे नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो होतो. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, “मामा, आधी आपल्या माणसाला भेटून येऊ,” आणि मला थेम्सच्या काठी लॅम्बेथला घेऊन गेला. तिथे अल्बर्ट एम्बँकमेंटवर बसवेश्वरांचा पुतळा आहे. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधान मोदींनी त्याचं अनावरण केलं. तो तिथे उभा राहावा म्हणून ज्यांनी खटपट केली ते डॉ. नीरज पाटील मूळचे कलबुर्गीचे; ते लॅम्बेथचे महापौर होते. बाराव्या शतकात आमच्या कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बिज्जळाच्या दरबारी मंत्री असलेला माणूस थेम्सकाठी उभा राहिलेला बघून मी काही वेळ काहीच बोललो नाही. मग भाच्याने फोटो काढले, ते आईला पाठवले, आणि आम्ही नदीच्या काठाकाठाने पूर्वेकडे चालायला लागलो.

चांगली तासाभराची वाट आहे. एकामागून एक पूल येतात, वरून मोटारी, आगगाड्या. आणि मग एक पूल असा येतो की त्यावर फक्त माणसं आहेत. मिलेनियम ब्रिज. एका टोकाला सेंट पॉलचं कॅथीड्रल, दुसऱ्या टोकाला जुन्या वीजघरात थाटलेलं टेट मॉडर्न हे कलादालन. लांबी सव्वातीनशे मीटर, रुंदी जेमतेम चार. झुलत्या पुलाच्या तारा उंच खांबांवरून खाली येतात हे आपण पाहिलेलं असतं. इथे त्या माणसाच्या दोन बाजूंना जवळजवळ सपाट ताणलेल्या आहेत, म्हणजे नदी बघताना नजरेच्या आड काही येऊ नये. नॉर्मन फॉस्टर हा वास्तुकार, अँथनी कारो हा शिल्पकार आणि अरप ही इंजिनीयरांची कंपनी अशा तिघांनी मिळून तो आखला. वास्तुकाराने आणि शिल्पकाराने तो सुंदर केला. इंजिनीयरांची परीक्षा मात्र पायांनी घेतली.

१० जून २००० ला पूल उघडला. त्या दिवशी ऐंशी हजार ते लाखभर माणसं त्यावरून गेली, एका वेळी दोन हजारांपर्यंत. आणि पूल आडवा डोलायला लागला. खालीवर नाही, डावी-उजवीकडे. माणसं कठडे धरून, पाय फाकून, जहाजावर चालावं तशी चालू लागली. १२ तारखेला पूल बंद झाला.

कारण पुढे सापडलं ते ऐकण्यासारखं आहे. आपण चालतो तेव्हा भार एकदा उजव्या पायावर, एकदा डाव्या पायावर येतो. वजन खाली जातंच, पण दर पावलाला एक बारीकसा धक्का आडवाही बसतो. सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात, म्हणजे एका बाजूचा धक्का सेकंदाला एकदा. पुलाला स्वतःचा म्हणून जो आडवा झोका होता, तो या लयीच्या फार दूर नव्हता. पूल केसभर हलला की माणूस तोल सावरायला पाय जरा रुंद टाकतो. त्या पावलाने पूल आणखी हलतो. तो आणखी सावरतो. इंजिनीयरांनी नंतर पुलावर मोजून माणसं चालवून पाहिली. दीडशेच्या थोडं पुढे जाईपर्यंत काहीच होत नव्हतं, आणि मग आणखी थोडी माणसं वाढली की डोलणं एकदम वाढत होतं.

सैनिकांना पुलावर पावलं मिळवून चालू देत नाहीत, हे जुनं ज्ञान आहे. त्याच थेम्सवर अल्बर्ट ब्रिजच्या तोंडाशी तशी जुनी पाटी आजही आहे. भाचा म्हणाला, “मामा, इथे आपली दिंडी आणली तर?” टाळमृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळत जाणारे वारकरी या चार मीटर रुंदीच्या पुलावर, हे चित्र डोळ्यांसमोर येऊन आम्ही दोघंही हसलो. पण इथे पहिल्या दिवशी कुठला ठेका नव्हता, कुणाचा हुकूम नव्हता. एकमेकांना न ओळखणारी माणसं होती. सुरुवातीला अनेकांनी सांगितलं की पुलाच्या डोलण्याने त्यांची पावलं नकळत एकमेकांशी जुळली आणि त्यातून डोलणं वाढलं. नोबेलविजेते पदार्थविज्ञानी ब्रायन जोसेफसन यांनी मात्र त्याच आठवड्यात एका वर्तमानपत्राला पत्र लिहून तोल सावरण्याच्या या धडपडीकडे बोट दाखवलं होतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ती बाजू बळकट केली. पावलं जुळायची गरजच नाही. प्रत्येकाने आपापल्या लयीत आपापला तोल सावरला तरी पुरतं. म्हणजे त्या दिवशी तिथे कुणीच वावगं वागत नव्हतं. प्रत्येक जण पडू नये म्हणून जपत होता, आणि त्या जपण्यानेच पूल हलत होता.

इथे मला मागे राहिलेल्या बसवेश्वरांची, आमच्या बसवण्णांची आठवण झाली. स्थावर आणि जंगम ही जोडी शरणांच्या विचारात किती खोल आहे, हे आमच्याकडच्या शेतकऱ्यालाही सांगावं लागत नाही. स्थिर उभं असलेल्यापेक्षा चालतं-बोलतं मोठं, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. इतकं पोलाद, इतक्या तारा, आणि चालत्या माणसांनी तो डोलारा हलवून दाखवला.

मग त्यांनी काय केलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. पूल बंद ठेवला. अभ्यास केला. झोका शोषून घेणारी यंत्रं पुलाच्या पोटाशी बसवली, त्यांतली आडव्या डोलण्यासाठीची सदतीस तर तेलाच्या दट्ट्यांसारख्या जातीची. त्यावर पन्नास लाख पौंड खर्च आला. २२ फेब्रुवारी २००२ ला पूल पुन्हा उघडला आणि तेव्हापासून तो तसा डोललेला नाही. चालणाऱ्यांना कुणी शिकवायला गेलं नाही की पाय कसे टाका, मध्ये थांबू नका, घोळक्याने जाऊ नका. माणूस जसा आहे तसा धरून पूल दुरुस्त केला. आम्ही मधोमध थांबलो तेव्हा आमच्याभोवती शंभरेक माणसं थांबलेली होती. एक जण पेटी वाजवत होता. एक बाई लेकराला खाली जाणारी बोट दाखवत होती. भाच्याने विचारलं, हलतोय का बघा. हलत नव्हता.

लंडन श्रीमंत आहे, हे खरंच. मूळ पुलाचाच खर्च १ कोटी ८० लाख पौंडांच्या वर गेला होता. तेवढ्यात आमचा अख्खा तालुका सुधारेल. आम्हाला तारांचा, दिव्यांचा, फॉस्टरचा पूल नको आहे. बिदर-कलबुर्गीला तसा पूल कुणी देऊ केला तरी तो टाकायचा कुठे, हाही प्रश्नच आहे, कारेझीवर? पण पाण्यासाठी बांधलेल्या पुलावर माणूस चालणार आहे, थांबणार आहे, हे आखणीच्या कागदावर पहिल्या दिवशी लिहिता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. ज्या गोष्टींना लागतात त्या थोड्या आहेत. डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या तरी कुणाला अंग चोरावं लागू नये एवढी वेगळी पायवाट, गाडीच्या रस्त्यापेक्षा वीतभर उंच. छातीपर्यंत कठडा, पोराला खालून निसटता येणार नाही असा. नदीच्या मध्यावर पायवाटेचा एक फुगवटा, चार माणसं बाजूला उभी राहिली तर पाचव्याची वाट अडू नये इतका. गाणगापूर, घत्तरगीसारख्या जागी भाराचा हिशेब जत्रेचा. आणि दर वर्षी मृगाच्या आधी कुणीतरी खाली उतरून लोखंड ठोकून बघणं. कुंडमळ्याची पाटी आधीच लागलेली होती. पाटी हे तपासणीचं शेवटचं पान असतं, तिला तपासणी समजू नये.

निवृत्त शेजाऱ्यांना मी हे वाचून दाखवलं. फुगवट्याशी ते अडले. म्हणाले, कॉलमवर जास्तीचा भार येईल, पण आधी सांगितलं तर धरता येतो. नंतर सांगितलं तर नाही. बंधारा उभा राहिल्यावर पायवाट मागणाऱ्यांची निवेदनं त्यांनी नोकरीत खूप पाहिली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ असं खरं उत्तरच पाठवावं लागलं.

तेव्हा मांजरेच्या, कारंजाच्या, भीमेच्या काठी राहणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या ग्रामसभेत नव्या बंधाऱ्याचा विषय येईल तेव्हा पाणी किती अडेल आणि किती एकर भिजेल हे विचाराच. त्याच बैठकीत चालणाऱ्याची वाट किती फुटांची आहे आणि मध्ये थांबायला जागा कुठे आहे, हेही विचारा, आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.